सुपातला शिधा

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी मी पहिल्यांदा जेवलो तो दिवस नाताळचा होता, आणि तेव्हा तिच्या लग्नाला अकरा वर्षे झाली होती. ही अकरा वर्षे माझ्यावर कुणी लादली नव्हती. ती मीच घालवली. माझ्या मुलींना ही हकिकत अर्धीच ठाऊक आहे, आणि ते अर्धे माझ्या सोयीचे आहे. म्हणून उरलेले अर्धे लिहितो.

आमचे गाव एदलाबादच्या अलीकडे, केळीच्या पट्ट्यात. बहीण सोळाव्या वर्षी विधवा होऊन परत आली, तेव्हा तिला धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात नर्सचे काम शिकायला मीच पोचवले होते. त्याचे मला त्या वेळी कौतुकही वाटत असे. पुढे तिथल्याच शाळेतल्या एका मास्तरांशी तिने लग्न केले आणि त्यांचा धर्म घेतला, तेव्हा ते कौतुक एका रात्रीत नाहीसे झाले. मी तिला पत्र लिहिणे बंद केले.

तीन वर्षांनी आईने हट्ट धरला. "मले जाता येत नाही, तू तरी पाहून ये तिले," असे ती रोज म्हणे. मी केळीचा एक घड घेऊन निघालो. पोचलो तो दिवस नाताळचा निघाला. दाराला रंगीत कागदाची चांदणी टांगली होती, आत पाहुणे होते, तळणीचा वास येत होता. बहीण बाहेर आली, माझ्या पाया पडली आणि काही न विचारता आत गेली. परत आली ती हातात सूप घेऊन. सुपात कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाचे, पीठ, उडदाची डाळ, मीठ, चार हिरव्या मिरच्या आणि वाटीभर तूप.

ज्याला आपल्या हातचे शिजवलेले चालत नाही, त्याला कोरडा शिधा द्यायचा आणि त्याने आपले आपण रांधून खायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. आमच्या दारी येणाऱ्या बैराग्याला आई असाच शिधा देत असे. बहिणीने निंबाखाली तीन दगड मांडून दिले. मी शेजारच्या गुजराथी घराच्या विहिरीवरून पाणी आणले, भाकऱ्या थापल्या, डाळ शिजवली आणि सख्ख्या बहिणीच्या अंगणात, तिच्याकडे पाठ करून जेवलो. पाठीमागे तिची पंगत बसली होती.

त्या वेळी मला लाज वाटली नाही, हे लिहिताना मला आज अधिक लाज वाटते. मी समाधानाने परतलो. गावात पारावर चार माणसांत म्हणालो, "बहीण बाटली, पण रीत नाही विसरली." सर्वांनी माना डोलावल्या. मला ते वाक्य फार चांगले साधले आहे असे वाटले होते.

मग काही वर्षांनी आई गेली. तेराव्याला बहीण आली. तिला कुठे बसवायचे यावर भाऊबंदांत कुजबूज सुरू झाली, तेवढ्यात ती आपणहून गोठ्याच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तिने पिशवीतून एक फडके काढले. त्यात दोन भाकऱ्या आणि लसणाची चटणी होती. धुळ्याहून ती आपले जेवण बांधून घेऊन आली होती, म्हणजे आम्हा कुणाला काही ठरवावेच लागू नये. आईच्या तेराव्याचे जेवण सारे गाव जेवत होते आणि तिची मुलगी गोठ्यात शिळी भाकरी मोडत होती. मी पंगतीत वाढत होतो. हातात वरणाचे भांडे होते. ओट्यापर्यंत वीस पावले असतील. मी गेलो नाही.

त्या वीस पावलांनी पुढे मला झोपू दिले नाही. दिवाळी झाल्यावर मी ठरवले, येत्या नाताळला जायचे आणि तिच्या हातचे जेवायचे. कार्ड टाकले: "नाताळला येतो. जेवायला येतो." पत्नी म्हणाली, "तुमी जा, मी नाही म्हनत नाही. पन दोन पोरी उजवायच्या हायेत, तेवढं ध्यानात ठेवा." ती चुकीचे बोलत नव्हती. मी ध्यानात ठेवले आणि निघालो.

आमच्याकडची मोठी हिरवी वांगी टोपलीभर घेतली. भरीत ही आमच्याकडे पुरुषांची कला. थंडीत मळ्यात शंभर माणसांचे भरीत मी कितीदा केले होते. रिकाम्या हाताने क्षमा मागायला जाण्याचे धैर्य नव्हते म्हणून वांगी नेली, हेही खरे. चाळीसगावला गाडी बदलली आणि सकाळी अकराच्या सुमारास तिच्या दारात उभा राहिलो.

घर भरले होते. मास्तरांच्या आई नगरकडून आल्या होत्या. मास्तरांचा भाऊ रेल्वेत, दूर मद्रासकडे. तो आपल्या तमिळ बायकोला घेऊन आला होता आणि ती मराठीचे चार शब्द हातवाऱ्यांत घोळवून सर्वांशी बोलत होती. शेजारचे बोहरी चाचा खुर्चीवर बसले होते. मला पाहून ते हसले.

"आओ सेठ! बैंगन तो बहोत लाये. इस बार खानेवाला पेट भी लाये, या वो घर पे छोड़ आये?"

आठ वर्षांपूर्वीचे माझे जेवण त्या गल्लीत कुणी विसरले नव्हते. मी उत्तर देणार तोच बहीण आतून आली. हातात सूप होते. तेच पीठ, तीच डाळ, तेच तूप.

मास्तर खाली पाहू लागले.

"कार्ड मिळालं नाही का तुले?" मी विचारले.

"मिळालं ना भाऊ. जेवायला येतो लिहिलं होतं, म्हनून तर आधीच मागून ठेवलं."

"मागून ठेवलं? कोनाकडून?"

"शेजारच्या गुजराथी बेनकडून. मागच्या टायमालेही त्यांच्याच घरचं होतं. आमच्या डब्यातलं नाही, काळजी नका करू. सूपही त्यांचंच हाये."

ती हे टोचून बोलली असती तर मला सोपे गेले असते. पण तिने ते नर्स रोग्याला सांगते तशा हळू आवाजात सांगितले. आठ वर्षांपूर्वी मी ज्या शिध्याची वाखाणणी केली, तो मिळवायला ती स्वतःच्या सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या दारात उभी राहिली होती. आपल्या घरातले कोरडे पीठसुद्धा भाऊ घेणार नाही, असे तिने धरून चालले होते. ते खोटे होते असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

मी सूप तिच्या हातून घेतले, वहाणा काढल्या आणि सरळ तिच्या स्वयंपाकघरात गेलो. चुलीशेजारी पिठाचा डबा उघडा होता. सुपातले पीठ मी त्या डब्यात ओतले, हात घालून खालीवर केले, म्हणजे कुणाचे कोणते ते उरू नये. डाळ डाळीत टाकली.

"भाऊ, हे काय केलं?" ती धावत आली.

"भाकरी कर. भूक लागली हाये."

ती रडली नाही. दाराला टेकून उभी राहिली. "पारावर काय बोलले होते तुमी, ते मले कळलं होतं," ती म्हणाली. "रीत नाही विसरली म्हने. रीत नव्हती ती. तुमी उपाशी जाऊ नये म्हनून केलं होतं."

"चुकलं माझं," मी म्हणालो. यापुढे जोडायला मी गाडीत बरीच वाक्ये तयार केली होती. त्यातले एकही आठवले नाही.

"इथी जेवनं सोपं हाये भाऊ. गावाले सांगाल का?"

"सांगेन."

"नुसतं सांगून नाही. आखाजीले मले मूळ लावा. मले न्यायले तुमी या, आन् घरात पंगतीले बसवा. नाही जमलं तर आताच सांगा, मी दुसरं सूप आनते."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींनी माहेरी येण्याचा सण. मी होय म्हणालो. तिने परातीत पीठ घेतले.

मग मास्तरांनी अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवल्या आणि आम्ही दोघांनी वांगी भाजली. मद्रासच्या वहिनीने मिरच्यांची मूठ माझ्या हातात कोंबून "अण्णा, अजून, अजून" असा हुकूम सोडला. नगरच्या आजी म्हणाल्या, "अवं, ह्ये पाव्हणं तर आमच्या सुनांना घरी बसवतील!" मटणाचे पातेले बहिणीने मागच्या अंगणात ठेवले होते, कारण माझ्या गळ्यात माळ होती. तिने तेवढेही लक्षात ठेवले होते.

पंगत बसली. मास्तरांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली. मला ती येत नव्हती, मी हात जोडून बसलो. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे पाहत होते. कुणीच घास उचलत नव्हते. मी भाकरी मोडली, भरीत लावले आणि खाल्ले. "भाई, मिर्ची तेज है," चाचा डोळे पुसत म्हणाले. सर्व हसले. बहीण वाढता वाढता आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली.

गावी आलो त्याच संध्याकाळी पारावर गेलो. "बहिणीकडे नाताळला जेवलो. आखाजीला तिला घरी आणणार आहे," एवढेच म्हणालो. कुणी मान डोलावली नाही. पुढे चार घरांनी आमच्याकडचे पान सोडले आणि थोरल्या मुलीची एक सोयरीक मोडली. पत्नीने पंधरा दिवस माझ्याशी अबोला धरला. पण आखाजीच्या आधी बहिणीसाठी चोळी तिनेच शिवून ठेवली.

मी धुळ्याला गेलो, बहिणीला घेऊन निघालो. चाळीसगावला दुसऱ्या गाडीला तीन तास होते. फलाटावर बाकावर बसल्यावर माझे लक्ष तिच्या पिशवीकडे गेले. तेच फडके वरून दिसत होते.

"काय हाये त्यात?"

ती ओशाळली. "दोन भाकऱ्या, भाऊ. असू द्या. वेळ काही सांगून येते का?"

तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसला नव्हता, आणि तो बसावा असे मी अजून काही केलेही नव्हते. मी फडके मागितले. तिने जरा थांबून दिले. त्या भाकऱ्या घरापर्यंत पोचू द्यायच्या नाहीत, एवढे मी पक्के केले. एक तिला दिली, एक मी घेतली, आणि उन्हाळ्याच्या त्या भर दुपारी, भूक नसताना, आम्ही दोघांनी त्या शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ल्या. फडके मी नळावर धुतले, पिळले आणि घडी करून माझ्या खिशात ठेवले.

"आता घरी गेल्यावर तुमच्याच चुलीचं खावं लागंल मले," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. गाडीची घंटा झाली.