नव्या अडॅप्टरवरचा संशय

मला सगळ्यांचाच संशय येतो. दूधवाल्याचा येतो, भाजीवालीच्या काट्याचा येतो, आणि नवरा न सांगता चहा ठेवायला लागला की त्याचा सगळ्यात जास्त येतो.

परभणीत आमचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. शूटिंग नवरा करतो, एडिटिंग मी. झालेली सगळी लग्नं दोन हार्ड डिस्कच्या एका नेटवर्क स्टोअरेजमध्ये राहतात. आमी त्याला नुसतं डबा म्हणतो. उन्हाळ्यात लाइट सारखी ये-जा करायला लागली आणि डब्याचा अडॅप्टर जळाला. मी पाथरीला माहेरी गेले होते, तेवढ्यात नवऱ्यानं बाजारातून नवा आणून बसवूनही टाकला. मी आले त्या दिवसापासून कॉम्प्युटरवर पिवळी पट्टी यायला लागली: व्होल्टेज कमी.

त्याच आठवड्यात चुडाव्याकडचे एक भाऊ आले. ते आणि त्यांची बायको ऊसतोडीला गेले होते, तिकडंच ती तापानं गेली. तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे आणि घरात तिचा एकही नाही म्हणाले. मला पटेना. मग त्यांनी आधार कार्ड दाखवलं. त्यावरची बाई कुणीही असू शकली असती. फोन पाण्यात पडलेला, पुतणीच्या लग्नाचा आमी दिलेला पेनड्राइव्ह लेकरांनी हरवलेला.

"ताई, त्या लग्नात ती होती," ते म्हणाले. "बघा की कुठं दिसती का."

मी ती फाइल उघडली. डब्यात खट् असा आवाज झाला, पट्टी लाल झाली आणि एक डिस्क यादीतून गायब. त्या बाईचा चेहरा या जगात फक्त त्या डब्यात होता, आणि डबा मान टाकायला लागला होता. मी तो बंद केला आणि भाऊंना उद्या या म्हणाले. ते चप्पल घालून गेले.

पहिला संशय अर्थातच दुकानदारावर. डुप्लिकेट माल गळ्यात मारला असणार. डब्यातून पिन काढली, वायर गुंडाळली आणि अडॅप्टर तसाच वायरसकट दुकानात नेला. त्यानं मीटर लावला तर पुरे बारा व्होल्ट. "माल चोख हाय ताई, तुमच्या डब्यातच खराबी हाय," असं वर मलाच ऐकवलं. मी त्याचा मीटर मागून घेतला आणि घरी येऊन परत मोजलं. बाराच. तरी माझा त्याच्यावर काही विश्वास बसला नाही.

मग शेजारचा वेल्डिंगवाला. तो ठिणग्या पाडायला लागला की आमच्या ट्यूब मिचमिचतात. पण त्या दिवशी त्याचं शटर बंद होतं, आणि डबा चालू करून फाइल उघडली तरी पट्टी आलीच.

"अहो, अडॅप्टर बसवताना अजून काही केलं का तुमी?" मी नवऱ्याला विचारलं.

"न्हाई गं, काय करणार?" म्हणाला, आणि चहा ठेवायला गेला.

कुठंतरी पाणी मुरतंय हे मी तिथंच ओळखलं. एक गोष्ट तर लक्षात आली होतीच. डबा नुसता चालू असला की पट्टी येत नव्हती. फाइल उघडून दोन्ही डिस्क कामाला लागल्या की यायची. म्हणजे ओझं पडलं की वीज वाटेत कुठंतरी कमी पडत होती. आणि वाट तर लांबलीच होती. आधी टेबलाखाली असलेला डबा नवऱ्यानं कपाटावर नेला होता. अडॅप्टरची वायर तिथवर पुरली कशी, हे मी इतके दिवस विचारलंच नव्हतं. दुकानात वायर नेली तेव्हा गुंडाळी सोडूनसुद्धा बघितली नव्हती, याचा मला आता राग आला.

वायर हातात धरून मी सरकत गेले. कपाटामागं काळी टेप लागली. टेपच्या पुढची वायर शेवयांसारखी बारीक. दिवाळीच्या लाइटच्या माळेची.

नवरा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. "फरशी पुसताना डबा आडवा येतो म्हणून तूच कटकट करायलीस. वायर ती वायरच की."

"मग मघाशी न्हाई का म्हणालात?"

"तू ओरडशील म्हणून."

मी ओरडले. मग डबा खाली उतरवला, माळेची वायर काढून टाकायला लावली आणि अडॅप्टरची कापलेली मूळ वायर त्याच्याकडूनच परत जोडून झाळून घेतली. फाइल उघडली. मी किती वेळ नुसती पट्टीची वाट बघत बसले. आली नाही. गायब झालेली डिस्कही डब्यानं परत जोडून घेतली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. लग्न पुढं सरकायला लागलं. ती सगळीकडं होती आणि कुठंच दिसत नव्हती. कॅमेऱ्याचा लाइट आला की पदर पुढं, तोंड भिंतीकडं. शेवटी हळदीच्या गर्दीत एकदाच सापडली. सरळ कॅमेऱ्यात बघत होती, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर आठी. हा माणूस आपलं काय घेऊन चाललाय, असं बघणं.

"भाऊ, यात जरा रागात वाटायल्यात," मी म्हणाले. "ओठ थोडे हसरे करून देऊ का? करता येतं."

"न्हाई ताई, हात नका लावू." ते स्क्रीनवरून नजर काढत नव्हते. "मला बाजारातून यायला उशीर झाला की अशीच बघायची. 'कुठं गेलते?' म्हणायची. लय चिडायचो मी." मग म्हणाले, "आता कुठं बी गेलो तर कोण इचारायलंय?"

मी मोठी प्रिंट काढली. कपाळावरची आठीसुद्धा तशीच ठेवली.

त्या दिवशी नवरा दुकानदाराचा मीटर परत द्यायला म्हणून गेला, तो दिवेलागण झाली तरी आला नाही. आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"कुठं गेलते?"