मंगळावरचं गुऱ्हाळ

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कंपनीत बारा-बारा तास बरोबर काढलेल्या मित्रांनाही नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून सांगतोय — आणि सांगता सांगता मला हसू येईल, तेही आधीच कबूल करतो. हसण्यासारखंच आहे ते. निदान निम्मं तरी.

आमचं गाव मांडवगण फराटा. नव्वदच्या दशकात मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. गावच्या वाचनालयातल्या विज्ञान कादंबऱ्या सगळ्यात जास्त वाचणारा म्हणून माझी ख्याती होती. ख्याती कसली — वाचणारे गावात दोघंच! मी आणि लतीफमामा. मामा शिंपी, दुकान एसटी स्टँडसमोर. पाय मशीनवर आणि मांडीवर पुस्तक. हा नाद मला त्यांनीच लावलेला, मी शाळेत असताना.

पुढं मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, थांबा. शिवणकाम मुलगा सांभाळत होता, त्याची चिंता नव्हती. पण वाचायला मिळेना म्हणून माणूस कासावीस झाला. मग मी सुट्टीच्या दिवशी दुकानात बसून वाचून दाखवायला लागलो. इथवर मी चांगला माणूस आहे. इथंच थांबलो असतो तर?

पुस्तक होतं मंगळावर निघालेल्या यानाचं. पाच शास्त्रज्ञ आणि त्यांच्या हाताखाली एक यंत्रमानव. आता खरं सांगू का — मला या कादंबऱ्या आवडायच्या, आणि त्यांचा रागही यायचा. बारा तास रिअ‍ॅक्टरसमोर उभं राहून प्रेशर लिहायचं, आणि घरी येऊन चाळीस पानं यानाच्या टाकीतलं प्रेशर वाचायचं? बरं, सगळी माणसं मुंबईची नाहीतर अमेरिकेची. सगळी काळी कॉफी पिणारी. वर्षभर एका यानात कोंडलेली, तरी कुणी कुणावर खेकसत नाही, कुणाचं पोट बिघडत नाही. आमच्याकडं तीन दिवस एक शिफ्ट केली की डब्यातल्या लोणच्यावरून भांडणं होतात!

म्हणून आधी मी टाकीची पानं गाळली. मग कप्तानाला आमच्या शेजारच्या निमोणे गावचा केला. मग कॉफीचा चहा केला आणि चहावरून भांडण लावून दिलं. मामा मांडी थोपटून म्हणाले, "आरं, ह्यो लेखक आपल्याकडचाच दिसतोय!" काय सांगू — स्तुती लेखकाची, पण मूठभर मांस माझ्या अंगावर चढलं.

शेवटच्या प्रकरणात इंधन कमी पडतं. वजन उतरवायचं म्हणून शास्त्रज्ञ यंत्रमानवाला बंद करतात आणि यानाबाहेर सोडून देतात. मामांचा तर त्याच्यावर जीव जडलेला. ते त्याला 'गडी' म्हणायचे. मामांना वाईट वाटू नये म्हणून मी पुढचं केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. मला ती मांडी पुन्हा थोपटलेली ऐकायची होती. मी पुस्तक तोंडासमोर धरलं, पानं उलटत राहिलो, आणि गड्याला मंगळावर उतरवून चक्क गुऱ्हाळ काढून दिलं.

मामांनी मुलाला मशीन थांबवायला लावलं. उसाचं बेणं कुठलं नेलं? पाणी कुठलं? तिथं हवा न्हाई तर रसाच्या काहिलीखाली जाळ पेटतो कसा? मी केमिकलचा माणूस, घाम फुटेपर्यंत उत्तरं देत गेलो. मंगळाची माती लाल म्हणून गूळही लाल निघाला. गडी मार्गी लागला म्हणून मामा अगदी पोटभर रडले.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, नजर स्वच्छ आली. आणि मामांनी सगळ्यात आधी कुठलं पुस्तक काढलं असेल?

दोन दिवसांनी मला हाक मारली. दुकानात गिऱ्हाईकं होती, वाचनालयाचे चिटणीस आप्पा होते. "ह्यात गुऱ्हाळ कुठं हाय रं?" मामा म्हणाले. "गड्याला तर ह्यांनी भाईर फेकून दिला."

एक वाक्य पुरलं असतं. मामा, ते मी रचलं होतं. हसले असते, फार तर पाठीत एक धपाटा घातला असता. पण आप्पा बघत होते, आणि पुढच्याच आठवड्यात आदर्श वाचक म्हणून ते माझा सत्कार करणार होते — आदर्श वाचक! मी म्हणालो, "कसलं गुऱ्हाळ, मामा?"

ते आधी हसले. मग माझ्याकडं बघतच राहिले. "तूच वाचलं न्हवं? लाल गूळ?" मी म्हणालो, तुम्हाला मधूनमधून डुलकी लागायची, स्वप्न पडलं असेल.

सत्कार झाला. शाल आणि नारळ मिळाला.

आणि मामा? ज्यांना अख्ख्या गावाची मापं तोंडपाठ, ज्यांनी जन्मात माप लिहून घेतलं नाही, ते वहीत मापं लिहायला लागले. लिहून झालं की पुन्हा टेप लावायचे. कुलूप घालून जायचे आणि परत येऊन ओढून बघायचे. एकदा हळूच म्हणाले, नमाजातबी चुकतोय का काय, शेजारच्याला इचारावं लागतं. मुलगा म्हणाला, वय झालंय. मीही म्हणालो — हो, मी! — वय झालंय. लाज वाटली. फार वाटली. तरी म्हणालो.

मग मामांनी मला एक काम सांगितलं. ते जे पुस्तक वाचतील ते मीही वाचायचं, आणि त्यांनी सांगितलेलं त्यात खरंच आहे का, तेवढं बघायचं. पाच-सहा वर्षं मी ते केलं. टाकीचं पान न् पान वाचलं, प्रेशरसकट. मामा एक नाव न चुकता सगळी कथा सांगायचे. मी विसरलेलंही त्यांना आठवायचं. तरी मधेच थांबून, चाचरत विचारायचे, "हाय ना रं हे?" मी म्हणायचो, "हाय, मामा." दर वेळी खरं तोंडाशी यायचं. दर वेळी मी गिळलं.

शेवटचं पुस्तक त्यांनी आजारी पडण्याआधी संपवलं. नेहमीसारखं सगळं विचारून घेतलं, आणि माझा हात धरला. "डोस्कं गेलं रं माझं," म्हणाले. "पर तू हाईस म्हणून वाचायला धीर हुतो."

मी ते ऐकून घेतलं. वर त्यांनी मागवलेला चहाही प्यालो.