अण्णांचा पंपरूम आणि माझं इंजिनिअरिंग

आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि त्यामुळेच रहाटणीतल्या एका बावीस मजली इमारतीतली थंड हवा बंद पडली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी चाकणच्या कंपनीत कंत्राटी कामगार होते. ते काम सुटल्यावर या सोसायटीत पंपरूम सांभाळायची नोकरी मिळाली, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. चांगलं काम केलं तर कायम! इमारत नवी. एसीचे डबे कुठेच लटकलेले नाहीत. खोल बोअर घेऊन त्यात पाइप सोडलेले, त्यातून पाणी फिरतं आणि घरं थंड होतात. अण्णांना कळेना. त्यांनी माहितीपुस्तक माझ्यापुढे टाकलं. "तू शिकलेला. सांग."

मी पहिलं पान वाचलं. (फक्त पहिलंच. कबूल करतो.) "अण्णा, जमिनीच्या पोटात उष्णता असते. तिथून गरम पाणी वर येतं."

"मग घरं गार कशी होतात?"

"ते... पुढच्या सेमिस्टरला आहे."

अण्णांनी मान डोलावली. शिकलेल्या पोरावर शंका घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही!

तीन महिने संपायच्या आदल्या दिवशी बीडहून आत्या आली, दोन्ही गुडघे धरून. अण्णांनी तिला आणि मला कौतुकाने पंपरूम दाखवला. तिने पाइपला हात लावला आणि अण्णांकडे बघून ओरडली, "अगं बाई, ऊन हाय की! बाबू, हा तर देवीचा झरा! नळात कोंडलाय मेल्यांनी! एक बादली दे, पाय बुडवते."

"अक्का, तो वॉल्व्ह खोलायचा नाही असं साहेबांनी बजावलंय," असं म्हणून अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यानेही पाहिलं. मला वाटतं पंपानेही पाहिलं.

"जमिनीतलं पाणी आहे," मी घसा खाकरून म्हणालो. "एका बादलीने काय संपतंय?"

आत्याने पाय बुडवले, डोळे मिटले आणि म्हणाली, "मोकळा झाला रे गुडघा!" झालं! वॉचमनची बायको आली. धुणंभांडी करणाऱ्या मावशी आल्या. मग वरच्या मजल्यांवरच्या आज्या आल्या, आपापल्या बादल्या घेऊन. कुणीतरी पाइपला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

"पोरा, तो दाबाचा काटा खाली का चाललाय?" अण्णांनी हळूच विचारलं.

"पाणी घेतलं की उतरणारच. नैसर्गिक आहे!"

काटा शून्यावर गेला आणि पंप गप्प झाला. एप्रिलची दुपार! थोड्याच वेळात चेअरमन घामाने निथळत खाली आले. "अण्णा, काय चाललंय हे? उद्यापासून—" आणि थबकले. समोरच्या बादलीत त्यांच्याच मातोश्रींचा पाय होता.

"आई, तू इथं?"

"गप रे. दुसरा पाय राहिलाय."

फोन गेल्यावर कंपनीचा इंजिनिअर धावत आला. "अहो, हे जमिनीतलं पाणी नाहीच! आम्ही टँकरने आणून भरलेलं. ते घरांमधली उष्णता घेतं, खाली जमिनीत सोडतं आणि परत वर येतं."

"मग हे कोमट कशाने?" मी विचारलं.

"वरच्या बावीस मजल्यांच्या उकाड्याने!" तो ओरडला. "आणि त्यात पाइप गंजू नयेत म्हणून औषध घातलंय!"

"तरीच," आत्या म्हणाली, "गुडघा मोकळा झाला."

अण्णा मान खाली घालून उभे होते. माझे तर कान तापले होते, जमिनीतल्या उष्णतेशिवायच. "साहेब, चूक माझी आहे," मी कसंबसं म्हणालो. चेअरमन काही बोलणार, तोच बादलीतून आवाज आला, "त्या बिचाऱ्याला काढलंस तर मी गावाला जाते!"

अण्णा कायम झाले. त्या इंजिनिअरच्या मागे लागून त्यांनी सगळं नीट समजून घेतलं, आणि पंपरूमच्या दारावर स्वतःच्या हाताने पाटी लावली: 'शिकलेल्यांनी आत येऊ नये.'

मी मात्र उष्णतेच्याच विषयात नापास झालो. आता रोज संध्याकाळी अण्णा मला तो शिकवतात. मी अर्थातच दाराबाहेर उभा असतो!