डोहावर वाळत घातलेल्या पट्ट्या

पाय गेला तर आपण कोण, हा एकच विचार त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात घर करून होता. मेंढरं राखणाऱ्याचं सगळं पायावर असतं. डोंगराची वाट कळायला लागली तेव्हापासून मी कळपामागं चालत आलो. चालणं थांबलं की ओट्यावर बसवून भाकर वाढतील, तेवढंच आपलं राहील, हे मला दिसत होतं. शाळा माझी तिसरीपर्यंत. लिहायची सवय नाही, शब्द मागंपुढं झाले तर सांभाळून घ्यावं. जे झालं ते झालं तसं लिहितो. कुणाला पटवायला बसलो नाही.

बाभळीचा काटा चपलेतून तळव्यात गेला आणि मला कळलाच नाही. चप्पल काढली तेव्हा आत रक्ताचा चिकटा दिसला. अंगात साखर आहे, पाय जपा, असं एका डॉक्टरनं मागं सांगितलं होतं. मी म्हटलं, असंल, आपल्याला काय होतंय. आमच्याकडं मेंढराच्या जखमेवर जे करतात तेच मी केलं. सीताफळाचा पाला वाटून जखमेत ठासून भरायचा, वर जळक्या लोकरीची राख टाकायची आणि चिंधीनं आवळायचं. अळी पडत नाही. या औषधावर मी जन्मभर मेंढरं उठवली, तर एक पाय उठणार नाही का? शिवाय दुखत नव्हतं. जे मेंढरू लंगडत नाही ते बरं, अशी आमची पारख. मी लंगडत नव्हतो. बोटं काळसर पडली तरी लंगडत नव्हतो.

सून म्हणायची, "मामा, पायाचा वास यायलाय. बीडला जाऊ."

"मेंढराचा वास हाय त्यो. जलमभर येतोय. आजच कावून लागला तुला?"

"मेंढराचा मला ठावूक हाय. ह्यो दुसरा हाय."

ती खरं बोलत होती, पण मी ऐकणारा नव्हतो. वस्तीवरला एक जण पाय घेऊन बीडला गेलता, तो कुबडीवर परत आला. दवाखान्याचं नाव काढलं की मला ती कुबडी दिसायची. बिरोबाला रोज हात जोडत होतो, पण देव ऐकतोय का नाही याची शंका मनात आली होती. ती मी सुनेला कळू दिली नाही.

कुत्र्याला आधी कळलं. माझ्या पायाशी निजणारं ते कुत्रं लांब जाऊन बसायला लागलं. माझ्या तोंडाकडं बघेना, नुसतं पायाकडं बघायचं. मीठ चाटायला हातावर येणारी कोकरं त्या पायाच्या बाजूनं येईनात. आणि दोन कावळे. मी चाललो की चालायचे, बसलो की बसायचे. काठी उगारली तर उडायचेही नाहीत, जरा बाजूला सरकायचे. त्यांना घाई नव्हती.

आता डोहाचं सांगतो. आमच्या वस्तीखाली नदीला एक डोह आहे, उन्हाळ्यातही आटत नाही. काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले सात दगड आहेत. सूर्य डोक्यावर आला की डोहावर जायचं नाही, तेव्हा आसरा न्हायला येतात, असं आम्ही पाळत आलो. तेवढा वेळ कळप झाडाखाली उभा करायचा. मेंढरंही माना एकमेकींच्या पोटाखाली घालून उभी राहतात, जशी काही त्यांनाही बघायची बंदी आहे.

त्या डोहावर एका बाईला मी लहानपणी बघितलं होतं. तेव्हा मी कोकरं राखायचो. डोंगराच्या पलीकडल्या गावात सरकारनं नर्सबाई नेमली होती. पांढरं लुगडं, निळा काठ, खांद्याला पिशवी, पायी पायी वस्तीवर यायची. एकटी बाई, संगं नवरा नाही, परक्या माणसाच्या अंगाला हात लावते, रक्तपू धुते. लोक तिला चांगलं म्हणत नसत. पाणी मागितलं तर बायका वरून ओतायच्या. पोरीला नर्स करायचं म्हटलं तर बाप मारायला उठायचा, असा तो काळ. तेव्हा जखमेच्या पट्ट्या कापडाच्या असत आणि फेकून देत नसत. उकळायच्या, धुवायच्या, वाळवून गुंडाळायच्या आणि पुढच्या माणसाला बांधायच्या. विहिरीवर तिला बंदी होती म्हणून ती डोहावर धुवायची. मग गावानं तिथंही अडवलं, रोगाचं धुणं आसरांच्या पाण्यात नको म्हणून. त्यानंतर ती कुठं धूत होती देव जाणे. माझी माय बाळंतपणात अडली तेव्हा सुईणीनं हात टेकले, आणि हीच बाई पावसातून आली. माय जगली, धाकटी बहीण जगली. पुढं बाईची बदली झाली म्हणतात. कुठं गेली, कुणी विचारलं नाही.

एक दिवस मला तहान लागली. पाणी पिऊन भागेना अशी. अंगात ताप असावा. सूर्य वर आला होता आणि मी कळप झाडाखाली वळवत होतो, तर गळ्यात घंटा बांधलेली म्होरकी मेंढी वळेना. ती उतारानं सरळ डोहाकडं निघाली आणि कळप तिच्या मागं. मी हाका मारल्या, काठी आपटली. ती गुणाची मेंढी, कधी शब्दाबाहेर गेली नव्हती. मग ध्यानात आलं, तिच्या गळ्यातली घंटा हलतेय, पण वाजत नाही. माझे कान गेले म्हणावं तर खुरांखाली खडे सरकल्याचा आवाज नीट येत होता.

कुत्रं वरच थांबलं. शेपूट पायात घालून बसलं आणि खाली येईना. कावळेही तिथंच थांबले.

खाली गेलो तर सातही दगडांवर पांढऱ्या पट्ट्या वाळत घातल्या होत्या. लांबच लांब, उडू नयेत म्हणून दोन्ही टोकांवर खडे ठेवलेले. वारा नव्हता. तरी मधला भाग हळूच वर यायचा आणि खाली बसायचा, श्वास घेतल्यावाणी. पाण्याशी एक बाई पाठमोरी बसली होती. पांढरं लुगडं, निळा काठ. तिचे हात पाण्यात चालले होते, पण पाणी हलत नव्हतं.

मागं न बघता ती म्हणाली, "मेंढरं पाजून घे. मग हितं बस."

"कोण म्हनायचं तुमी?"

"पाय दाव."

"पायाला काय झालंय? चालतोय की मी."

"चालतोस ते दिसतंय. पायाला कळतंय का, ते बघायचंय. बस रे."

माझ्या वयाला आता अरेतुरे करणारं कुणी उरलेलं नाही. त्या एका शब्दानं मी काठी खाली ठेवली.

मेंढीचे खूर साफ करताना आम्ही तिला मागून धरून ढुंगणावर बसवतो आणि पाठ आपल्या मांडीला टेकवून घेतो. आधी ती धडपडते. मग एकाएकी अंग सोडून देते. मान पडते, पाय सैल होतात, मग काय कापायचं ते कापा. त्या बाईनं मला खांद्याला धरून अगदी तसं बसवलं. पाठीला शेंदराचा दगड लागला. त्या उन्हात तो बर्फावाणी गार होता. मी उठू बघितलं. तिचा हात जड नव्हता, पण मला उठता आलं नाही. मग माझं अंग आपोआप सुटलं. आजवर मी कुणापुढं अंग सोडलं नव्हतं, ना माणसापुढं, ना खरं सांगायचं तर देवापुढं.

तिनं चिंधी सोडली. "मानसाला मेंढरावाणी बांधलंस व्हय रे?"

"औशिद चांगलं हाय त्ये."

"मेंढराला हाय."

मग ती लई वेळ धूत राहिली. आतला काळाहिरवा चोथा काढत राहिली. तिचं तोंड माझ्यासमोर होतं, तरी आज मला ते आठवत नाही. हात आठवतात. जन्मभर पाण्यात राहिल्यावाणी सुरकुतलेले, पांढुरके, गार. आणि त्या हाताखाली माझा पाय दुखला. कित्येक दिवसांनी दुखला. मी कण्हलो तसं ती म्हणाली, "दुखतंय तवर तुजा हाय."

दगडावरची एक पट्टी काढून तिनं बांधायला घेतली. दर फेऱ्याला एक पीळ देत, दाणा दाण्यावर बसावा तशी कणसासारखी गुंफण. गाठ मारून म्हणाली, "आजच जा. उद्या म्हनू नको. आन् तितं ज्यो हात लावंल त्याला लावू दे."

तेवढ्यात घंटा वाजली. मी कळपाकडं मान वळवली. परत बघतो तर काठ रिकामा. दगडांवर नुसता शेंदूर, पट्टी नाही, खडा नाही. डोहाच्या पाण्यावर तेवढं एक वलय उठलं होतं, आणि ते काठाकडून मधे चाललं होतं.

घरी येऊन सुनेला म्हटलं, "जीप बोलीव. बीडला जायचंय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग पायाकडं बघितलं. "कुनी बांधलं मामा?"

"नर्सबाईनं."

"उपकेंद्रातली ताई तर आज गावात न्हाई. आन् ती स्कुटीवर येती, डरेस घालती."

"पांढरं लुगडं व्हतं."

सुनेनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि ती जीप आणायला गेली.

वाटेत मांजरसुंब्याला ड्रायव्हर चहाला थांबला. बाहेर डांबर मऊ झालं होतं आणि माझी पट्टी ओलीच होती. जीपमध्ये पायाखाली थेंब थेंब पाणी साचलं होतं. सुनेनं पदरानं टिपलं, परत साचलं.

बीडच्या सरकारी दवाखान्यात पट्टी सोडायला एक पोरगा आला. दाढी कोरलेली, अंगात निळे कपडे. मी म्हटलं, "नर्सबाईला बोलीव."

"मीच नर्स हाय बाबा. ब्रदर म्हना."

"गडी मानूस की रं तू. बायकाचं काम करतूस?"

"चार वर्सं शिकून करतोय. वर परीक्षा दिली. अर्ज करनाऱ्यांची जत्रा असती आता, गडी अन् बाया दोगंबी."

"बायकाचं काम शिकाया चार वर्सं?"

"तुमच्या मेंढ्या अडल्या तर कोन सोडवतं?"

"मीच."

"मंग?"

बाजूच्या खाटेवरचे लोक हसले. सूनही पदराआड हसली. हा पोरगा सिरसाळ्याकडचा, मेंढरं राखणाऱ्याच्याच घरातला निघाला. पूर्वीचा मी असतो तर पाय मागं ओढला असता. पण बाईचा शब्द आठवला. मी मान टेकली आणि अंग सोडलं.

पट्टी सोडताना त्याचा हात थांबला. म्हणाला, "ही कुनी बांधली? आमच्या म्हाताऱ्या मॅडम शिकवायच्या ही गुंफन. आता कोन बांधतंय, आता समदं तयार येतं पाकिटात." मग कापड चिमटीत धरलं. "अन् ह्ये ओलं कसं? गार पडलंय पार." मी म्हटलं, "तितनंच आलंय तसं." नियमानं त्यानं ती पट्टी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. जाता जाता मात्र परत एकदा पिशवीत डोकावून गेला.

डॉक्टर म्हणाले, जखम आतून कुणीतरी साफ केली म्हणून पाय राहतोय. दोन बोटं गेली. पाय राहिला. तो पोरगा रोज माझा पाय मांडीवर घेऊन धुवायचा, आणि रोज थोडं जास्त दुखायचं. मी मनात म्हणायचो, दुखू दे.

वस्तीवर परत आलो तेव्हा आसरांना ओटी न्यायची होती. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, दहीभात घेतला. त्याच्या वर मांजरपाटाचं एक अख्खं कोरं कापड घेतलं. सून म्हणाली, "मामा, देवीला मांजरपाट कोन नेतं?" मी म्हटलं, "लागंल तिला." सकाळच्या पारी जाऊन सगळं दगडांपुढं ठेवलं आणि पाठ न दाखवता मागं सरत आलो.

पुढं काही दिवसांनी कळप घेऊन वरच्या कड्यानं चाललो होतो. सूर्य डोक्यावर आलेला. खाली बघायचं नाही हे ठाऊक होतं, तरी नजर गेली. माझं कापड लांब लांब पट्ट्यांत फाडलेलं होतं, धुऊन सातही दगडांवर वाळत घातलं होतं, टोकांवर खडे ठेवून. मधला भाग हळूच वर येत होता आणि खाली बसत होता. ती आसरा का माझ्या मायला सोडवणारी बाई, हे मी स्वतःला विचारत नाही. एवढं मात्र म्हणतो, जिला गावानं त्या पाण्यावरून उठवलं, तिचं काम त्या पाण्यानं थांबू दिलं नाही.

काठीवर हात टेकून मी तिथूनच नमस्कार केला. पाय दुखत होता, माझा होता. मग मेंढरं वळवली आणि झाडाखाली नेली. त्या पट्ट्या वाळायला पाहिजेत. कुणाला तरी लागणार असतील.