जळणार म्हणणारे उस्ताद

आमच्या उस्तादांइतका निराश माणूस जालना जिल्ह्यात दुसरा झाला नाही आणि, त्यांचं मत विचाराल तर, होणारही नाही, कारण जिल्हाच तोवर टिकणार नाही. जालन्यातल्या मस्तगडात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरून देण्याचं दुकान होतं, तिथं ते आम्हा शिकाऊ पोरापोरींचे गुरू. सकाळी शटर वर जायचं तेच "आज काही खरं न्हाई" या मंत्रावर. चहा आला की दूध नासलेलं असणार अशी त्यांची खात्री असे. नाही निघालं तर "उद्या नासंल" म्हणून ते पिऊन टाकत. कोणी मोटार भरून टेबलावर ठेवली की लांबूनच मान हलवायचे, "जळणार बघ." आणि ती सुरळीत चालू झाली, तर तिनंच त्यांना दगा दिल्यासारखं तिच्याकडे बघत राहायचे.

नव्या पोराला पहिल्याच दिवशी ते भंगारातली एक मोटार द्यायचे. "ही जाळ. बराबर जाळ, मंग शिकवतो." त्यासाठी जुन्या मोटारी त्यांनी मुद्दाम राखून ठेवल्या होत्या. धूर निघाला की स्वतः भजी मागवायचे आणि दुखवट्याला बसावं तसे आम्ही सगळे गप्प बसून ती खायचो. हसलेलं त्यांना चालत नसे. आमच्यातल्या बहुतेकांची घरं अशी, की पहिल्या चुकीलाच शाळा सुटायची, नाहीतर काम सुटायचं. मी मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली; मला चुकायची ऐपतच नव्हती. चुकल्यावरही माणसाला वाढून देतात, हे मला त्या दुकानात कळलं.

मग एकदा मी खरोखरच गिऱ्हाइकाची चांगली मोटार जाळली. तारांचे जोड चुकले होते, आणि ते मी त्याच्यासमोरच सांगून टाकलं. बातमी माझ्या आधी आमच्या गावी, कुंभार पिंपळगावला पोचली. वडिलांनी मला घरी बसवलं आणि स्थळं बघायला सुरुवात केली. काम गेलं, असंच मी धरून चालले होते.

आणि एका दुपारी उस्ताद बसनं आमच्या दारात आले. वाटलं, आता चार शब्द कौतुकाचे बोलून मला सोडवतील. ते बाजेवर बसले, पाणी प्यायले, त्या पाण्यालाही नावं ठेवली, आणि माझे दोष सांगायला लागले. "हात जड हाये पोरीचा. भांडखोर हाये. तार वाया घालवते. आल्ती तवा पाना धरता येत नव्हता, आताबी लई येतो असं न्हाई." आई पदरानं डोळे पुसायला लागली. शेवटी वडीलच वैतागले.

"अहो उस्ताद, मंग तिला न्यायला कशाला आलात?"

उस्तादांनी मेंढरांकडे तोंड फिरवलं. "बिघडलं तर सांगते," ते म्हणाले. "बाकीचे लपवतात. आपल्याला कळंपर्यंत तिकडं शेतात जळून जातंय. हिला पाठवा."

वडिलांनी पाठवलं.

मागच्या हिवाळ्यात उस्तादांनी अंथरूण धरलं. मला बदनापूरला स्वतःचं दुकान काढायचं होतं, घरात कोणालाच ते पटत नव्हतं, म्हणून मी त्यांना विचारायला गेले. खरं तर विचारायला नाही. ते म्हणणार, गिऱ्हाईक येणार न्हाई, आगच लागंल. मग मी नेहमीसारखी चिडणार, आणि चिडले की माझा हात स्थिर होतो, एवढ्यासाठीच गेले होते. त्यांनी माझा हात धरला.

"चालंल," ते म्हणाले. "बिलकुल चालंल. काळजी करू नको पोरी."

उभ्या आयुष्यात त्यांनी असं कोणाला सांगितलं नव्हतं. मला रडू आवरेना. हा माणूस आता जगत नाही, हे मला त्या शब्दांनीच कळलं. आणि झालंही तसंच.

दुकान काढलं. चालतंही आहे. पण उस्तादांनी त्या दिवशी मला थोडं घाबरवायला हवं होतं, असं अजून वाटतं.