अजून काय?

औषधाच्या रकान्यात मी झोकात ‘काही नाही’ लिहिलं, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. तेव्हा मी नवी नर्स, डोक्यावरच्या कडक टोपीलाच अक्कल समजणारी.

नवा मध्यप्रदेश नुकताच झाला होता. बुऱ्हाणपुरात इतवाऱ्याजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात येईल त्याचा कागद भरायचा: दुखणं काय, चालू औषध काय. मोठ्या सिस्टरबाई विचारताना उशा चाचपत, पदराच्या गाठी सोडायला लावत. उत्तर मिळालं तरी बोट वर करून पुन्हा, “अजून काय?”

एक आजोबा वैतागले, “बाई, तुम्ही आधी पोलिसात होता का?”

“होते. अजून काय?”

मी स्वयंपाकघरात त्यांची नक्कल करायची. तुम्हीही हसला असता.

दापोऱ्याची एक माय आली तेव्हा बाई दुसऱ्या खोलीत होत्या. मी तिच्या मुलालाच विचारलं. “नाही जी, माय दवाई घेतच नाही.” झालं! माझा कागद पाहून डॉक्टरांनी झोपेचं औषध लिहिलं. दुपारी मी ते पाजलं.

थोड्या वेळानं पाहते तर ओठ निळे. एक श्वास आला, दुसरा येईना. हाक मारली, चिमटा काढला. धडपडत जाऊन बाईंना ओढत आणलं.

बाईंनी पापणी उघडली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मग मायच्या पदराची गाठ सोडली. आत अफूच्या गोळ्या! सांधे दुखतात म्हणून रोजच्या. पण आमच्याकडे अफूला दवाई कोण म्हणतं? चहासारखीच ती. तिच्यावर माझं झोपेचं औषध पडलं नि श्वासच अडला.

डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते येईपर्यंत बाई मायच्या गालावर थापट्या मारत कानाशी ओरडत होत्या, “माय, मळ्यात काय लावलं? केळी? अजून काय? अजून काय?” मी तिच्या छातीकडे बघत होते. ती हलेना.

“कापूस...” माय कशीबशी पुटपुटली. “निजू दे ना व, बाई.”

बाईंनी काही तिला निजू दिलं नाही. डॉक्टर आले, सुई दिली. माय वाचली.

बाई जाऊन जमाना झाला. हल्ली दवाखान्यातली पोरगी विचारते, “आजी, औषधं कोणती चालू आहेत?” मी मुद्दाम अर्धीच सांगते आणि तिच्या बोटाकडे बघत बसते. ते काही वर होत नाही.

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यात रडत होते. बाईंनी तोच कागद माझ्या मांडीवर ठेवला नि म्हणाल्या, “रडून घे, पोरी, आणि मग हे दुरुस्त कर. मी चुकले होते तेव्हा दुरुस्त करायला माणूसच उरलं नव्हतं.”