जागेश्वरला सांगितलेलं

मोहाडीकडच्या एका बिडी कारखान्यात जागेश्वर तपासनीस होता. बायका घरी बिड्या वळायच्या, दुपारी बांधलेल्या बिड्यांचे कट्टे त्याच्यापुढे आणून ठेवायच्या, आणि ढिली, फाटकी बिडी तो बाजूला टाकायचा. तिला छाट म्हणत. छाट म्हणजे मेहनत पाण्यात, म्हणून तपासनिसाला बायका सात पिढ्यांच्या शिव्या घालतात. जागेश्वरला मात्र कुणी शिवी घातली नाही. गडी बिडीवरून बाईचं मन ओळखायचा. कट्टा हातात घेतला की विचारायचा, "काहून ओ बाई, पोरगी तापली का?" अन् पोरगी तापलेलीच असायची! त्या दिवशी तिची छाट तो डोळ्याआड करायचा.

एक्याऐंशी साली केशवराव मॅनेजर होऊन आले. मोठा गोड माणूस. काम आटोपलं की जागेश्वरला खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. आजवर कोणत्या मॅनेजरनं त्याला खुर्ची दिली होती? "तू माणसं ओळखतोस जागेश्वर, मी परका. कोणाची काय अडचण आहे ते सांगत जा, सांभाळून घेता येईल." झालं! आमचे भाऊ पाघळले. अमकीचा नवरा पितो, तमकीला दिवस गेले, सगळं सांगत राहिला.

एक गोष्ट मात्र त्यानं पोटात ठेवली होती. विधवा बायजाबाईला मोतीबिंदू झाला होता, पान कापताना तिची कैची चुकायची. "भाऊ, कोणाले सांगू नोको," असं तिनं हात जोडून म्हटलं होतं आणि त्यानं शब्द दिला होता; तिची छाटही तो रोज डोळ्याआड करायचा. एक दिवस केशवरावांनी विचारलं, "बायजाबाईच्या बिड्या तर वेड्यावाकड्या, मग तिची छाट इतकी कमी कशी?" खोटं बोलणं त्याला जमेना, आणि समोरचा माणूस आपला वाटत होता. सांगून टाकलं. वर म्हणाला, "साहेब, तिले सांभाळा."

"सांभाळू की," साहेब म्हणाले.

दिवाळीनंतर माल उठेना. बायकांची कामाची कार्डं कमी करायचा हुकूम आला आणि भिंतीवर एकोणीस नावांची यादी लागली. जागेश्वरनं ती वाचली. ज्यांची ज्यांची दुखणी त्यानं चहासोबत सांगितली होती, त्याच सगळ्या. पहिलं नाव बायजाबाईचं.

तो तसाच आत गेला. "साहेब, मी तुमच्यावर भरोसा केला होता."

"मीही तुझ्यावरच केला," केशवराव शांतपणे म्हणाले. "म्हणून तर यादी बरोबर झाली."

बायजाबाईनं कार्ड आणून त्याच्यापुढे ठेवलं. "तुले सांगतलं, माहीच चूक," एवढंच बोलली. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढेही बायका कट्टे आणून ठेवत. तो विचारी, "सारं बरं हाय ना?" "बरं हाय." सगळ्यांचं सगळं बरं! मोहाडीत एवढं सुख कधी नांदलं नव्हतं. त्याला जेवण गोड लागेना. नोकरी सोडावी तर दुसरं काही येत नव्हतं.

त्याची बायको रुखमाही त्याच कारखान्याची बिडी वळायची. एका सकाळी ओसरीवर त्याला दिसलं, सुपातल्या बिड्या ढिल्या पडत होत्या. तिचा अंगठा थरथरत होता.

"रुखमा, हाताले का झालं?"

तिनं चटकन हात पदराखाली घेतला.

"काही नाही. मी बरी आहो," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.